देवदत्तने घेतलेला स्कोप

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला नको. मी कोल्हापूरची, आवाज मोठा, राग नाकावर, आणि तो आला की गिळून बसायची सवय नाही. बोलून मोकळी होते आणि दहा मिनिटांनी चहा टाकते. पण बंदूक हातात असताना मी कधी चिडलेले नाही. एकदाही नाही. आमच्या शिकारीच्या गटातला कुठलाही म्हातारा याची साक्ष देईल. त्यांची साक्ष कोणी काढली नाही, ही गोष्ट वेगळी. साक्ष काढली ती माझ्या नवऱ्याची.

माझा नवरा देवदत्त सोमण, पुण्याचा, भिंगांचा शास्त्रज्ञ. त्र्याऐंशी साली जपानात, कावासाकीच्या एका संशोधन संस्थेत आला आणि त्याच्या पाठोपाठ मी आले. मूलबाळ झालं नाही, घरात माणसं दोनच. पहिली दोन वर्षं मी भिंतींशी मराठीत बोलत काढली. मग योकोहामात एका सिंधी कापडव्यापाऱ्याच्या ऑफिसात नोकरी लागली. त्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत ओकाबे-सान, सान म्हणजे आपल्याकडचं 'जी', यांचं बंदुकांचं दुकान होतं. कॉलेजात असताना एन.सी.सी.त मी पॉइंट टू टू रायफलने राज्यात दुसरी आले होते, त्यामुळे काचेमागची बंदूक दिसली आणि पाय थांबले. ओकाबे-सान दार उघडून म्हणाले, "बघायचंच आहे तर आत येऊन बघा, बाहेर थंडी आहे." झालं. वर्षभरात मी परीक्षा दिली, परवाना काढला आणि शॉटगन घेतली.

आता इथला कायदा असा, की रायफल हवी असेल तर आधी दहा वर्षं शॉटगन सांभाळून दाखवायची. सलग. मध्ये एक नूतनीकरण चुकलं की पुन्हा श्रीगणेशा. दरवर्षी बंदूक पोलिसांपुढे नेऊन ठेवायची, काडतुसं किती घेतली आणि कुठे उडवली याचा हिशेब द्यायचा. मी तो दिला. तापात असताना दिला, आई गेली त्या वर्षी कोल्हापूरहून परत येऊन दिला.

एवढा आटापिटा कशासाठी, असं आमच्या महाराष्ट्र मंडळातली कुमुदिनी नेहमी विचारायची. वर म्हणायची, "शैला, गणपतीत तुझे मोदक खाताना भीती वाटते गं, एखाद्या दिवशी दाताखाली छर्रा यायचा." तिला काय सांगणार. आमचा गट हिवाळ्यात तान्झावाच्या डोंगरात हरणाला जातो. कुत्री वरून हाकारतात आणि आपण ठरलेल्या जागी बसून राहायचं. मी बाई, त्यातून परदेशी, म्हणून मला दरवर्षी ओढ्याकाठची तीच एक जागा मिळायची. समोरच्या उतारावरून शिंगं मिरवत नर जायचे, दीडशे मीटर लांबून, अगदी आरामात. शॉटगनची जाड गोळी पन्नास मीटरच्या पुढे म्हणजे देवाच्या भरवशावर. मी ती कधी मारली नाही, कारण जखमी जनावर डोंगरात मरायला सोडणं मला जमत नाही. संध्याकाळी मटणाचे वाटे पडायचे. ज्याने मारलं त्याला आणि जो नुसता बसला त्यालाही वाटा सारखाच, असा तिथला रिवाज आहे. दहा हिवाळे मी नुसतं बसण्याचा वाटा घरी आणला. तो शिजवताना मला लाज वाटायची, ती कुमुदिनीला समजली नसती. देवदत्तला समजायची. निदान मला तसं वाटायचं.

शहाण्णवच्या सप्टेंबरात माझी दहा वर्षं भरली आणि मी अर्ज टाकला.

इथे अर्ज नुसत्या परवान्याचा नसतो. कुठली रायफल, कुठल्या मापाची, ते आधी ठरवून त्याच बंदुकीचा अर्ज करायचा. ओकाबे-सान यांनी माझ्यासाठी एक हलकी रायफल बाजूला काढली होती. सहा मिलिमीटरची. शिकारीला इथे याहून बारीक नळी चालतच नाही. माझी लाडकी पॉइंट टू टू तर विचारायचीसुद्धा सोय नाही. गटातले सगळे तीन-शून्य-आठवाले, म्हणजे जवळजवळ आठ मिलिमीटरच्या नळीचे. ते मला म्हणत होते, मोठं घ्या सोमण-सान, मोठ्याने हरीण जागच्या जागी बसतं. मी म्हटलं, मोठ्याचा धक्का माझ्या खांद्याला बसेल त्याचं काय. धक्क्याच्या भीतीने डोळा मिटला तर तोफ घेऊनही उपयोग नाही.

अर्ज गेला की पोलीस चौकशी करतात. शेजारी, ऑफिस आणि घरातलं माणूस. नवरा-बायकोचं पटतं का, पिणं किती, डोकं कसं आहे, सगळं विचारतात. मी देवदत्तला म्हटलं, "माझ्याबद्दल चांगलं सांग हं, नाहीतर महिनाभर दोडका." तो हसला. हसून पुन्हा पेपर वाचायला लागला.

आणि मग एका शनिवारी हा माणूस आपण होऊन म्हणाला, "चल, तुझ्या रायफलीला स्कोप बघू. त्यातलं मला कळतं."

तेरा वर्षांत जो माझ्याबरोबर कधी कांदे-बटाटे आणायला आला नाही, तो रायफलीची दुर्बीण घ्यायला निघाला. मी चकित झाले. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी ट्रेनमध्ये उगाच बडबडत सुटले आणि समोरची आजी डोळे मिटून घ्यायला लागली.

दुकानात ओकाबे-सान यांनी आधी काडतुसाची गोष्ट काढली. परवाना नसलेल्याच्या हातात जिवंत काडतूस देता येत नाही, म्हणून दारू काढून टाकलेली दोन काडतुसं त्यांनी मखमलीवर ठेवली. पितळी, माझ्या करंगळीएवढी. एकाची गोळी वजनाने ऐंशी ग्रेन, एकाची शंभर.

"ऐंशीची जास्त वेगाने जाते," मी म्हटलं.

"जाते," ओकाबे-सान म्हणाले, "पण ती कोल्ह्या-सशांसाठी. हरणाला लागली की वरच्यावर फुटते, आत जात नाही. तुम्हाला शंभर. आणि जागा नेमकी, खांद्याच्या मागे. मोठ्या गोळीला थोडी चूक चालते. या लहानीला चालत नाही."

मला ते पटलं. लहान गोळी घ्यायची तर हात स्वच्छ पाहिजे.

मग स्कोप. मी आपली तीन ते नऊपट मोठं दाखवणाऱ्या स्कोपकडे हात नेला. लांबचं बघायचं तर जितकं मोठं दिसेल तितकं बरं, असा माझा साधा हिशेब. देवदत्तने तो माझ्या हातातून काढून खाली ठेवला.

"नऊपट केलंस की डोळ्यात येणारा उजेड कमी होतो. तुझी हरणं येतात केव्हा?"

"दिवस मावळता मावळता."

"मग हा तुला काळोख दाखवेल. शिवाय हरीण नऊपट होतं तसं तुझ्या हाताचं कापणंही नऊपट होतं. चार पुरे. आणि डोळा मागे चार बोटं राहिला तरी पूर्ण चित्र दिसतंय ना, ते बघ. नाहीतर धक्क्याने कपाळाला खोक पडेल." ओकाबे-सान मान डोलवत होते. नंतर त्याने मला दारात उभं केलं आणि उड्डाणपुलापलीकडच्या इमारतीवरची पाटी दाखवली. "काचेतली फुली त्या पहिल्या अक्षरावर धर. आता डोकं थोडं इकडे-तिकडे हलव. फुली हलते?"

"नाही."

"मग तुझा डोळा थोडा सरकला तरी हा तुला फसवणार नाही," देवदत्त म्हणाला.

हेच शब्द. मी तिखटमीठ लावत नाहीये.

पैसे त्याने दिले. मी पर्स काढली तर म्हणाला, "राहू दे, हा माझ्याकडून." परतताना ट्रेनमध्ये खोका त्याच्याच मांडीवर होता, दोन्ही हातांनी धरलेला. मी मनात म्हटलं, शैलजाबाई, उगाच कुरकुरता तुम्ही, नशीब काढलंत. त्या रविवारी मी त्याला पुरणपोळी करून घातली.

ऑक्टोबरात पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. मिउरा-सान नावाचे अधिकारी दहा वर्षं माझी बंदूक तपासत आले होते. माणूस सज्जन, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी मला चहा दिला, हवेबद्दल बोलले आणि मग म्हणाले, "सोमण-सान, या वेळी अर्ज मागे घेतलात तर बरं होईल."

नाही म्हणायची इथली रीत अशी आहे. ते नाही म्हणत नाहीत. नकार तुमच्याच हाताने लिहून घेतात, म्हणजे सगळ्यांची अब्रू राहते. मी विचारलं, का? त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मी पुन्हा विचारलं, का? माझा आवाज चढला असेल थोडा. तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "रागाच्या भरात तुमचा ताबा जातो असं कानावर आलंय. बाल्कनीतून पातेल्याचं झाकण फेकलं होतंत म्हणे. माझं वैयक्तिक मत तसं नाही. पण असं ऐकल्यावर मला पुढे जाता येत नाही. अर्ज नामंजूर झाला तर शॉटगनचाही प्रश्न येईल. मागे घेतलात तर तिला धक्का नाही."

मी सही केली. ती माझी सहीसुद्धा वाटत नव्हती.

घराकडे येताना माझ्या डोक्यात एकच नाव होतं. हिरानो-सान. आमच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी. तिचं नि माझं कचऱ्यावरून वैर. मी प्लास्टिकच्या दिवशी बाटली टाकली की ती पिशवी उचलून माझ्या दाराशी आणून ठेवायची, वर चिठ्ठी. दुसरं कोण असणार? मी तिची बेल दाबली आणि तिने दार उघडताच तोंडाचा पट्टा सुरू केला. दहा वर्षं मी कशी काढली ते सांगितलं, झाकणाचं सांगितलं, तुमच्या बाटल्या तुमच्या डोक्यात घाला असंही सांगितलं. तेही आदरार्थी जपानीत, हे विशेष.

हिरानो-सान शेवटपर्यंत ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पोलीस आले होते. मी सांगितलं की सोमण-सान यांचा आवाज मोठा आहे आणि कचऱ्याचं त्यांना कळत नाही. दोन्ही खरं आहे. पण ज्याचा आवाज ऐकू येतो त्याची मला भीती वाटत नाही, असंही सांगितलं." आणि त्यांनी विचारलं, "झाकण कुठलं?"

आणि मी तिथेच, त्यांच्या पायपुसण्यावर, गप्प झाले.

कारण ते झाकण या घरातलं नव्हतंच. ते कावासाकीच्या घरातलं. देवदत्तने एका संध्याकाळी तिसऱ्यांदा फोन करून पाहुणे वाढवले होते, तेव्हा मी पातेल्याचं झाकण बाल्कनीतून भिरकावलं होतं. खाली सायकलींवर पडलं. कोणाला लागलं नाही, कोणी पाहिलंही नाही. देवदत्तच घरी आला तेव्हा ते उचलून वर घेऊन आला आणि पाहुण्यांसमोर चकार शब्द बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्यावर मी पुढे कित्येक वर्षं जीव टाकला. इथे योकोहामात आम्ही त्यानंतर राहायला आलो, मला नोकरी लागली तेव्हा. ते झाकण माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं.

"आत येऊन बसा," हिरानो-सान म्हणाल्या. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. मी बसले नाही. माफी मागितली, वाकून, आणि जिना चढले.

देवदत्त स्वयंपाकघरात काकडी चोचवत होता. मी पर्स खाली ठेवली आणि म्हटलं, "झाकणाचं तू सांगितलंस."

त्याने सुरी खाली ठेवली. नाही म्हणाला नाही, एवढं त्याचं श्रेय. "त्यांनी विचारलं, चिडली की काय करते. मी एक उदाहरण दिलं."

"आणखी काय दिलंस?"

"घरात रायफल आली तर मला झोप लागणार नाही, असं म्हटलं."

"दहा वर्षं शॉटगन कपाटात आहे आणि तू घोरतोयस."

त्याने हात पुसले. मग त्याने सांगितलं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्याला मोठी जागा मिळाली होती. जुलैतच हो म्हणून कळवलं होतं. एप्रिलपासून रुजू व्हायचं होतं. घरसुद्धा बघून ठेवलं होतं कोणीतरी, कोथरूडला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू चिडली असतीस."

"चिडले असते. मग?"

"आणि आली नसतीस. शैला, तुला ती रायफल मिळाली असती तर तू इथून हलली नसतीस. मला माहीत आहेस ना तू. म्हटलं, पोलिसांनीच नाही म्हटलं तर तुझं मन आपोआप उठेल इथून. मला वाईट व्हायला लागणार नाही."

लोक म्हणतात पुणेरी माणूस टोमणा तोंडावर मारतो. माझ्या वाट्याला केसाने गळा कापणारा आला. माझ्या रागाला भिऊन त्याने माझ्याशी बोलायचं टाळलं, आणि तोच राग नेऊन पोलिसांच्या टेबलावर ठेवला. कुंपणानेच शेत खाल्लं, मग कोणाला हाक मारणार.

पण मला अजून एक गोष्ट विचारायची होती. खरं तर विचारायची भीती वाटत होती, कारण उत्तर कळलं होतं.

"तू पोलिसांकडे कधी गेला होतास?"

त्याने सुरी पुन्हा उचलली.

"देवदत्त. कधी?"

"त्या बुधवारी. ऑफिसातून."

"कुठल्या बुधवारी?"

"स्कोप घेतला त्याच्या आधीच्या."

म्हणजे दुकानात माझ्या हातातून नऊपटीचा स्कोप काढून घेताना याला माहीत होतं. माझी हरणं केव्हा येतात हे विचारताना माहीत होतं. मला दारात उभं करून, डोकं हलव, फुली हलते का बघ, हा तुला फसवणार नाही, हे म्हणताना माहीत होतं की ही रायफल मला कधी मिळणार नाही.

"मग घेतलास कशाला?" मी विचारलं.

"वाईट वाटत होतं गं," तो म्हणाला.

मी ओरडले नाही. देवदत्त ओरडण्याची वाट बघत उभा होता. खांदे आखडून, जणू माझ्या हातात झाकण आहे. मी ओरडले असते, भांडी आपटली असती, तर रात्रीपर्यंत सगळं निवळलं असतं आणि एप्रिलमध्ये मी कदाचित पुण्याच्या विमानात बसले असते. त्यालाही ते ठाऊक असावं. पण राग आलाच नाही. त्याच्या जागी जे आलं त्याला मी ओळखत नव्हते. मी चोचवलेली काकडी घेतली, तिची कोशिंबीर केली आणि आम्ही दोघं जेवलो.

हिवाळाभर मी ओढ्याकाठच्या त्याच जागेवर शॉटगन घेऊन बसले. समोरून नर गेले. मार्चमध्ये देवदत्त पुण्याला गेला. नारिता विमानतळावर मी सोडायला गेले नाही. तो दारात म्हणाला, "तू नंतर ये. राग उतरला की ये." माझा व्हिसा माझ्या नोकरीवर होता, भाडं मला झेपणारं होतं. मी म्हटलं, "तिकडे उन्हाळा असेल, सुती कपडे वर ठेव." त्याला अजूनही वाटतं मी रागावले आहे. कुमुदिनीलाही तेच वाटतं. फोन करून म्हणते, किती ताणायचं शैला, नवराच आहे, तुझ्यासाठीच केलं ना त्याने. मी म्हणते, हो, आणि फोन ठेवते.

ओकाबे-सान यांना मी गोष्ट सांगितली नव्हती, पण त्यांना उमगली असावी. म्हणाले, "स्कोप नको असेल तर परत घेईन." मी तो खोका पुढे केला आणि मग मागे घेतला. काचेची काय चूक? त्याने निवडला तो स्कोप अगदी नेमका होता. चांगला नसता तर मला बरं वाटलं असतं. सहा मिलिमीटरची रायफलही त्यांनी अजून कोणाला दिली नव्हती.

एप्रिलमध्ये शॉटगनची वार्षिक तपासणी झाली, आणि त्याच दिवशी मी नवा अर्ज घेऊन मिउरा-सान यांच्यासमोर बसले. चहा आला. साकुराचा बहर यंदा लवकर गळला, वगैरे झालं. मग त्यांनी पेन उघडलं आणि एकेक विचारायला लागले. पत्ता तोच. नोकरी तीच. रायफल तीच.

"सोबत राहणारे कुटुंबीय?" त्यांनी विचारलं. "म्हणजे चौकशीसाठी. घरातल्या माणसाचं मत घ्यावं लागतं, तुम्हाला माहीत आहेच."

"कोणी नाही," मी म्हटलं.

हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं. तेही जपानीत, एका पोलिसाला.

मिउरा-सान यांचं पेन थांबलं. "मग विचारायचं कोणाला?"

"खालच्या हिरानो-सान यांना विचारा. त्यांना माझं सगळं ऐकू येतं."

त्यांनी लिहून घेतलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, जरा जपून, मी चिडते की काय अशा बेताने. मी चिडले नाही. गेले सहा महिने मी चिडलेच नव्हते. ज्याच्यावर चिडून मग चहा टाकावा, असं घरात कोणी उरलं नव्हतं.